दगड कोणी पाडला? – मध्ययुगीन ख्रिस्ती जीवनातील नित्य घटना आणि त्यांचे धार्मिक अर्थ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



इंग्लंडच्या पूर्वेकडील लिन या बंदराच्या गावात, आज ज्याला किंग्ज लिन म्हणतात तेथे, पंधराव्या शतकाच्या प्रारंभी एक साधीशी घटना घडली. सेंट मार्गारेटच्या चर्चमध्ये सकाळची उपासना चालू होती. मार्जरी केम्प नावाची एक गृहिणी, गावाच्या माजी नगराध्यक्षाची कन्या आणि चौदा मुलांची आई, हातात प्रार्थनेचे पुस्तक घेऊन गुडघे टेकून बसली होती. एकाएकी वरच्या छतातील एक दगड आणि लाकडी तुळईचा तुटलेला तुकडा तिच्या डोक्यावर आणि पाठीवर येऊन आदळला. पाठीचा कणा मोडला असेच तिला वाटले. तिने येशूचे नाव घेतले आणि वेदना नाहीशी झाली, असे तिने पुढे सांगितले.

इमारत जुनी होते, चुना सुटतो, दगड निखळतो. आज असे घडले तर विश्वस्त मंडळाची सभा भरेल आणि गवंड्याला बोलावणे जाईल. लिनमध्ये मात्र पहिला प्रश्न असा उभा राहिला की, हा दगड पडण्याचा अर्थ काय? कार्मेलाइट संघाचे एक विद्वान साधू ॲलन यांनी तो दगड आणि तो तुकडा मिळविला आणि चक्क तराजूत घालून वजन केले. दगड तीन पौंडांचा भरला, लाकूड सहा पौंडांचे. एवढे वजन त्या उंचीवरून पडून बाई जिवंत राहते, याअर्थी हा ईश्वराचा मोठा चमत्कार होय, असा निर्वाळा त्यांनी दिला. गावातील पुष्कळांनी तो मानला. परंतु तितक्याच श्रद्धावान असलेल्या दुसऱ्या काही लोकांनी नेमका उलटा अर्थ लावला. चर्चमध्ये मोठमोठ्याने रडणाऱ्या आणि स्वतःला ईश्वराची लाडकी समजणाऱ्या या बाईवर देवाचा कोप झाला आहे, दगड ही त्याची खूण आहे, असे ते म्हणू लागले. मार्जरीला स्वतःला लिहिता येत नव्हते. तिने १४३० च्या दशकात आपली जीवनकथा दुसऱ्याकडून लिहून घेतली आणि तीत हे दोन्ही अर्थ नोंदवून ठेवले, हा तिचा प्रामाणिकपणा म्हटला पाहिजे. हे हस्तलिखित शतकानुशतके विस्मृतीत राहून १९३४ साली पुन्हा उजेडात आले.

दगड एक, वजन एक, साक्षीदार तेच, आणि धर्मही एकच. तरीही निष्कर्ष दोन. मध्ययुगीन ख्रिस्ती समाजात नित्याच्या घटनांचे धार्मिक अर्थ कसे लावले जात, याचा विचार करताना हे उदाहरण प्रथम डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरते. कारण त्या काळाविषयी आपल्याकडे एक सरधोपट समजूत आहे की, तेव्हाचे लोक अंधश्रद्ध होते, चर्च सांगेल ते मुकाट मानत होते. वस्तुस्थिती याहून कितीतरी गुंतागुंतीची होती.

त्या जगात कोणतीही घटना अर्थावाचून नसे. शेतकऱ्याचा दिवस चर्चच्या घंटेने सुरू होई आणि घंटेनेच मावळे. वर्षाचे महिने संतांच्या सणांनी ओळखले जात. खंड भरायचा तो अमुक संताच्या दिवशी, नांगर धरायचा तो तमुक सणानंतर. चर्चच्या दारासमोरील भिंतीवर पुष्कळ ठिकाणी संत क्रिस्तोफरचे भले मोठे चित्र रंगविलेले असे. ते चित्र ज्या दिवशी दृष्टीस पडेल त्या दिवशी अवचित मरण यायचे नाही, अशी श्रद्धा होती. मरणापेक्षा अवचित मरणाचे भय अधिक, कारण त्यात पापाची कबुली देण्यास अवसर मिळत नाही. कामावर निघालेला माणूस दारातूनच आत डोकावून, चित्र पाहून पुढे जात असे. वादळ आले की घंटा वाजवीत, कारण त्या नादाने आकाशातील दुष्ट शक्ती पळतात असे मानले जाई. ही प्रथा किती खोल रुजली होती याचे गमतीदार प्रमाण असे की, सम्राट शार्लमेनच्या ७८९ सालच्या राजाज्ञेत घंटांना बाप्तिस्मा देऊ नये आणि गारपीट टळावी म्हणून काठ्यांवर मजकूर लिहिलेल्या चिठ्ठ्या टांगू नयेत, अशी स्पष्ट बंदी आढळते. ज्याची बंदी करावी लागते ते सर्रास चालू असते, हे सांगावयास नको.

हे अर्थ लोकांना शिकविले कोणी? त्यासाठी जर्मनीतील बॉन शहराजवळच्या हाइस्टरबाख येथील मठात डोकावले पाहिजे. तेथे सीझेरियस नावाचे एक साधू नवदीक्षितांना शिकवीत असत. सुमारे १२२० च्या आसपास त्यांनी चमत्कारांच्या संवादांचा एक मोठा ग्रंथ रचला. त्याचे बारा भाग असून त्यांत सातशेहून अधिक कथा आहेत. नवदीक्षित प्रश्न विचारतो आणि साधू उत्तरादाखल एखादी घडलेली गोष्ट सांगतो, अशी त्याची रचना आहे. एका बाईच्या मधमाश्या मरू लागल्या. कोणाच्या तरी सल्ल्यावरून तिने चर्चमधील पवित्र प्रसादाची भाकर तोंडात लपवून आणली आणि पोळ्याच्या पेटीत ठेवली. काही दिवसांनी उघडून पाहते तो माश्यांनी मेणाचे छोटेसे देऊळ बांधलेले, आत वेदी आणि वेदीवर ती भाकर. बाईला पश्चात्ताप झाला आणि तिने धर्मगुरूकडे जाऊन कबुली दिली. मधमाशी पाळणाऱ्या कोणत्याही कुणब्याला ही कथा एकदा ऐकली की विसरणे शक्य नव्हते. त्याच्या पेटीकडे पाहण्याच्या दृष्टीतच ती जाऊन बसे.

अशा कथांची गरज काय होती, हेही सीझेरियसनेच एका ठिकाणी हसत हसत सांगितले आहे. मठाधिपती उपदेश करीत असता काही साधू डुलक्या घेत होते, कोणी घोरतही होते. तेव्हा मठाधिपती एकदम म्हणाले की, आता एक नवी गोष्ट ऐका, आर्थर नावाचा एक राजा होता. तत्क्षणी सर्वांचे डोळे उघडले! मठाधिपतींनी मग त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानी ठेवावा असा आहे.

याच सुमारास, १२१५ साली, रोममधील लॅटेरन येथे भरलेल्या चौथ्या धर्मसभेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली द्यावी, असा नियम केला. आपल्याकडील सांवत्सरिक क्षमापनेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ती तुलना हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय होय. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, वर्षभरात आपल्या बाबतीत जे जे घडले त्याकडे स्वतःच्या आचरणाच्या संदर्भात पाहण्याची सवय या नियमाने सामान्य माणसाला लावली. गाय मेली, मूल आजारी पडले, पीक बुडाले, तर माझे काय चुकले?

हा प्रश्न मोठा आहे. परंतु त्याच्याच शेजारी दुसरा एक प्रश्न सदैव उभा असे: हे कोणी केले? घटना तीच असली तरी पहिला प्रश्न विचारणाऱ्याचे बोट स्वतःच्या छातीकडे वळते आणि दुसरा विचारणाऱ्याचे शेजाऱ्याच्या दाराकडे. मध्ययुगातील धार्मिक अर्थांचा सारा इतिहास या दोन प्रश्नांच्या ओढाताणीतून पाहता येतो, आणि ती ओढाताण कित्येकदा एकाच माणसाच्या अंतःकरणात चाललेली दिसते.

सहाव्या शतकातील फ्रँक लोकांच्या राज्यात घडलेला एक प्रसंग या दृष्टीने विलक्षण आहे. तो नोंदविला आहे तूर येथील बिशप ग्रेगरी यांनी, जे ५७३ साली त्या पदावर आले आणि ज्यांनी आपल्या काळाचा इतिहास दहा भागांत लिहून ठेवला. ५८० साली अतिसाराची भयंकर साथ पसरली. तिचा घाला मुख्यतः बालकांवर पडला. ज्यांना मांडीवर खेळवले, हाताने भरवले, ती चिमुकली मुले डोळ्यांदेखत गेली, असे लिहिताना या बिशपचा इतिहासकाराचा संयम क्षणभर सुटतो.

राजा चिल्पेरिक स्वतः आजारी पडून बरा झाला. परंतु त्याचे दोन्ही लहान मुलगे, दागोबेर आणि क्लोदोबेर, अंथरुणाला खिळले. त्यांची आई राणी फ्रेदेगुंद. ही बाई दयाळूपणाबद्दल मुळीच प्रसिद्ध नव्हती. राजाने नुकतेच जबर कर बसविले होते. द्राक्षमळ्याच्या ठरावीक क्षेत्रामागे एक घडा मद्य सरकारात भरावे लागे, आणि लिमोज शहरात तर लोकांनी कराच्या वह्याच जाळल्या होत्या. मुलांच्या उशाशी बसलेल्या राणीने राजाला सांगितले की, गरिबांचे अश्रू, विधवांचे आणि अनाथांचे उसासे आपल्या मुलांचा जीव घेत आहेत. आपण कोणासाठी हे धन साठवीत आहोत? तिने आपल्या वाट्याच्या शहरांच्या करवह्या मागवून आगीत टाकल्या. राजा कचरत होता. तो का थांबला आहे, असे तिने त्यालाच विचारले, तेव्हा त्यानेही आपल्या वह्या जाळल्या.

मुले वाचली नाहीत. धाकटा आधी गेला. थोरल्याला डोलीत घालून स्वासों येथे संत मेदार यांच्या समाधीपाशी नेले, नवस केला. त्याच मध्यरात्री तोही गेला. राजाने पुढे चर्चना आणि गरिबांना बरीच दाने दिली, असे ग्रेगरी म्हणतात. परंतु जळालेल्या वह्या जळाल्या, हे तर खरेच. एका आजारपणाच्या धार्मिक अर्थाने काही काळ तरी हजारो कुळांचा भार हलका केला.

एवढ्यावर प्रकरण संपते तर ते कोणत्याही प्रवचनात शोभले असते. ते संपत नाही. थोड्याच अवधीत राणीच्या कानावर घालण्यात आले की, सावत्र मुलगा क्लोव्हिस याने एका दासीच्या आईकडून जादूटोणा करवून तिची मुले मारली. शोकाने व्याकूळ झालेल्या आईला हा अर्थ पटला. त्या बाईचा छळ करून तिच्याकडून कबुली घेतली. क्लोव्हिसचा सुरीने अंत झाला. ती बाई जिवंत जाळली गेली. आपण जे कबूल केले ते खोटे होते असे ती शेवटपर्यंत ओरडत होती, परंतु ते ऐकणारे कोणी नव्हते. पुढे ५८४ साली त्याच राणीचा आणखी एक लहान मुलगा थिओदेरिक याच रोगाने दगावला. या वेळी करवह्यांचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. पॅरिसमधील कित्येक गृहिणींना चेटकिणी म्हणून पकडण्यात आले. काहींना जाळले, काहींची हाडे चाकावर मोडली. मुम्मोलुस नावाच्या बड्या अधिकाऱ्याचाही भयंकर छळ झाला. नंतर राणीने मृत बालकाची सारी वस्त्रे आणि वस्तू आगीत टाकल्या. त्यांनी चार गाड्या भरल्या असत्या असे म्हणतात.

ग्रेगरी या राणीचे विरोधक होते, तेव्हा त्यांच्या लेखणीत थोडी कटुता धरूनच हे वाचले पाहिजे. तथापि घटनांचा क्रम बोलका आहे. आई तीच, रोग तोच, दुःखही तेच. पहिल्या वेळी आगीत कराच्या वह्या पडल्या, दुसऱ्या वेळी बायका.

आता सुमारे सव्वादोनशे वर्षे पुढे, त्याच फ्रान्समधील लिओं शहरात येऊ. तेथील आर्चबिशप आगोबार यांनी ८१५ च्या सुमारास गारपीट आणि मेघगर्जना यांविषयी एक छोटेखानी पुस्तिका लिहिली. त्यांच्या प्रदेशातील लहानथोर, शिकलेले आणि अडाणी अशा जवळजवळ सर्वांची समजूत होती की, वादळ आणि गारपीट माणसे मंत्राने पाडू शकतात. मागोनिया नावाच्या देशातून ढगांवरून जहाजे येतात, गारांनी पडलेले धान्य हे वादळ पाडणारे त्या नावाड्यांना विकतात, असेही लोक सांगत. आगोबार यांनी एक प्रसंग नोंदविला आहे. त्या आकाशातल्या जहाजातून पडलेले म्हणून लोकांनी चार जणांना, तीन पुरुष आणि एक स्त्री, पकडले, कित्येक दिवस साखळदंडात ठेवले आणि दगडांनी ठेचून मारावे म्हणून जमावापुढे उभे केले. आर्चबिशप स्वतः तेथे होते. बराच वादविवाद झाल्यावर सत्य वर आले, असे ते सांगतात. ते चौघे कोण होते, कोठून आले होते, हे मात्र ते लिहीत नाहीत. बहुधा परगावचे गरीब वाटसरू असावेत.

आगोबार यांची युक्तिवादाची पद्धत पाहण्यासारखी आहे. ते आधी धर्मग्रंथांतील आधार देतात की, वारा, पाऊस आणि गारा ईश्वराच्याच हाती आहेत. मग एकदम व्यवहारावर येतात. ही माणसे गारा पाडू शकत असतील तर अवर्षणात पाऊस का पाडीत नाहीत? तुमचे शेत सुकत होते तेव्हा त्यांना का बोलाविले नाही? गारांपासून संरक्षण करतो म्हणणाऱ्या भोंदूंना लोक पिकाचा वाटा बिनतक्रार देतात आणि विधवा, अनाथ, गरीब यांना देताना मात्र हात आखडतो, याचेही त्यांना दुःख आहे.

त्याच पुस्तिकेच्या शेवटी याहून गंभीर हकिगत येते. काही वर्षांपूर्वी गुरांवर मोठा रोग आला होता. तेव्हा अशी अफवा उठली की, सम्राट शार्लमेनचा शत्रू, इटलीतील बेनेव्हेंतोचा अधिपती ग्रिमोआल्ड याने माणसे पाठवून शेतांवर, डोंगरांवर आणि झऱ्यांत विषारी भुकटी टाकविली आहे. पुष्कळांना पकडले, कित्येकांना ठार केले, कित्येकांना फळ्यांना बांधून नदीत सोडले. आगोबार विचारतात की, अशी भुकटी असेल तरी तिने फक्त गुरेच का मरावी, इतर जनावरे का मरू नयेत? आणि एवढ्या विस्तीर्ण प्रदेशावर ती टाकायची तर बेनेव्हेंतोमधील सारे स्त्री-पुरुष प्रत्येकी तीन तीन गाड्या भरून घेऊन निघाले तरी कसे पुरणार? सर्वांत नवलाची गोष्ट ही की, पकडलेली माणसे आपण भुकटी टाकली असे स्वतःच कबूल करीत होती.

येथे आगोबार यांचे कौतुक करून थांबणे सोपे झाले असते. परंतु याच सुबुद्ध धर्माधिकाऱ्याने पुढे लिओंमधील ज्यू लोकांविरुद्ध अत्यंत कठोर पत्रे लिहिली, हेही नोंदविले पाहिजे. एका बाबतीत जागी असलेली बुद्धी दुसऱ्या बाबतीत झोपी गेलेली असू शकते.

निसर्गातील कारणे शोधण्यास ख्रिस्ती विद्वानांचा विरोध होता, असेही समजू नये. बाराव्या शतकात बाथ येथील ॲडेलार्ड यांनी पुतण्याशी झालेल्या संवादाच्या रूपाने निसर्गविषयक प्रश्नांचा ग्रंथ लिहिला. सर्व काही ईश्वराच्या इच्छेने होते हे मान्य करूनही, बुद्धीने जेथवर जाता येते तेथवर गेलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे थॉमस अक्विनास यांनी आदिकारण आणि दुय्यम कारण यांची सांगड घातली. ज्या १२१५ च्या धर्मसभेचा उल्लेख आधी आला, तिनेच तापलेले लोखंड हातात धरवून किंवा पाण्यात बुडवून अपराधी ठरविण्याच्या दिव्यांत धर्मगुरूंनी भाग घेण्यास मनाई केली. भाजलेली जखम तिसऱ्या दिवशी कशी दिसते यावरून ईश्वराचा निवाडा वाचण्याची जुनी रीत त्यामुळे हळूहळू मोडली. शास्त्री आणि धर्मसभा यांचे हे कार्य मोठे होय. पण ते खेडोपाडी झिरपायला वेळ लागत होता.

तो वेळ किती लागावा, याचे एक करुण उदाहरण लिओंच्याच उत्तरेकडील दोंब भागात सापडते. सुमारे १२५० मध्ये एतिएन द बूर्बों नावाचे डोमिनिकन साधू तेथे लोकांची पापकबुली ऐकत होते. पुष्कळ बायका सांगू लागल्या की, आम्ही मुलांना संत गिनफोरकडे नेतो. हा संत कोण, म्हणून चौकशी केली तर तो निघाला एक शिकारी कुत्रा! त्याची कथा अशी. एका सरदाराच्या वाड्यात पाळण्यातील बाळाकडे मोठा साप जात होता. घरातील कुत्र्याने त्याला फाडले. झटापटीत पाळणा उलटला, सर्वत्र रक्त सांडले. परतलेल्या सरदाराने कुत्र्याचे रक्ताळलेले तोंड पाहिले आणि त्यानेच बाळ खाल्ले असे समजून त्याला तलवारीने मारले. मग पाहतो तो बाळ सुखरूप झोपलेले. पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगूस यांची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या कोणालाही ही कथा ओळखीची वाटेल. भारतीय कथा किती दूरवर आणि किती रूपे घेत गेल्या, याचा हा एक दाखला होय.

दुबळे, सतत रडणारे, न वाढणारे मूल म्हणजे आपले मूलच नव्हे. वनातील भुतांनी आपले गुटगुटीत बाळ चोरून त्या जागी स्वतःचे रोगी पिल्लू ठेवले आहे, असा त्या मातांचा समज होता. म्हणून त्या कुत्र्याच्या थडग्यापाशी जात, उघड्या बाळाला दोन झाडांच्या बुंध्यांमधून नऊ वेळा या हातातून त्या हातात देत, आणि पेटत्या मेणबत्त्यांजवळ पेंढ्यावर एकटे ठेवून, ती विझेपर्यंत नजरेआड होत. भुतांनी आपले न्यावे आणि आमचे परत द्यावे! काही बाळे मेणबत्तीने भाजून मेली. जी उरत त्यांना जवळच्या नदीच्या थंड प्रवाहात नऊ वेळा बुडवीत. साधूंनी कुत्र्याची हाडे उकरून काढली, झाडे तोडून त्या सर्वांची होळी केली आणि जमीनदारांकडून बंदीचा हुकूम काढविला. तरीही एकोणिसाव्या शतकातसुद्धा त्या रानात माता आजारी मुले घेऊन येत होत्या, असे अभ्यासकांना आढळले आहे.

या मातांना क्रूर म्हणणे अन्यायाचे होईल. खंगत जाणाऱ्या मुलाला उपचार नव्हता आणि असह्य दुःखाला निदान एक अर्थ हवा होता. दुष्टपणा शेजारणीवर न ढकलता त्यांनी तो वनातील भुतांवर ढकलला, एवढी तरी त्यांच्याकडून कोणाची हानी झाली नाही. किंमत मात्र बाळानेच मोजली.

आणि मग १३४८ साल उजाडले. आदल्या वर्षीच्या अखेरीस समुद्रमार्गाने आलेला प्लेग सर्व युरोपभर पसरू लागला. अवघ्या चार-पाच वर्षांत युरोपातील लोकसंख्येचा किमान तिसरा हिस्सा नाहीसा झाला. पिसवा आणि जंतू यांचे ज्ञान पुढे साडेपाचशे वर्षे होणार नव्हते. पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने राजाच्या आज्ञेवरून त्याच वर्षी ऑक्टोबरात अहवाल दिला की, २० मार्च १३४५ रोजी कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ यांची युती झाली, तिच्यामुळे हवा दूषित झाली; आणि अर्थात हे ईश्वराच्या इच्छेनेच. बिशपांनी उपवास, मिरवणुका आणि प्रार्थना सांगितल्या. बोट स्वतःकडे वळविणारा अर्थच चर्चने अधिकृतपणे दिला होता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

काहींनी तो टोकाला नेला. ख्रिस्ताच्या आयुष्याच्या वर्षांइतके, म्हणजे साडेतेहतीस दिवस, गावोगाव फिरून रोज दोन वेळा भर चौकात स्वतःच्या उघड्या पाठीवर काटेरी चाबकाचे फटके मारून घेणारे पुरुषांचे जथे निघाले. लोक त्यांचे रक्त फडक्यात टिपून घेत. प्रारंभी हे आत्मदंडन होते. पाहता पाहता त्याच जथ्यांच्या येण्याने जमाव भडकू लागले आणि रोख दुसरीकडे वळला. २० ऑक्टोबर १३४९ रोजी पोप सहावे क्लेमंट यांना या पंथावर बंदी घालावी लागली.

रोख कोणाकडे वळला ते इतिहासात नमूद आहे. ज्यू लोकांनी विहिरींत विष टाकले, अशी अफवा होती. जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों किल्ल्यात १३४८ च्या सप्टेंबरात काही ज्यूंचा छळ करून कबुल्या घेण्यात आल्या आणि त्यांच्या नकला शहराशहरांत धाडल्या गेल्या. आगोबारच्या काळी भुकटी होती, आता विष. तेव्हाही माणसे कबूल करीत होती, आताही केली. पोप क्लेमंट आव्हिन्यों येथून त्या वर्षी जुलैत आणि पुन्हा सप्टेंबरात आज्ञापत्रे काढून सांगत होते की, हे अशक्य आहे, कारण या रोगाने ज्यूही मरत आहेत आणि जेथे एकही ज्यू राहत नाही अशा देशांतही हाच रोग आहे. साधा, रोखठोक युक्तिवाद. आगोबारच्या तीन गाड्यांच्या जातकुळीचा. आपल्या शहरातील ज्यूंना त्यांनी आश्रय दिला. त्यांच्या सत्तेच्या टापूत तो शब्द पाळला गेला, इतरत्र फारसा नाही.

ऱ्हाईन नदीकाठच्या स्ट्रासबुर्ग शहरात नगरपरिषदेने चौकशी केली आणि ज्यू निर्दोष आहेत अशी भूमिका घेऊन त्यांना संरक्षण दिले. फेब्रुवारी १३४९ मध्ये कारागिरांच्या संघांनी ती परिषदच उलथून टाकली. नवी परिषद आली आणि १४ फेब्रुवारी रोजी, शनिवारी, त्यांच्याच दफनभूमीत उभारलेल्या लाकडी मचाणावर शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. जे बाप्तिस्मा घेण्यास तयार झाले ते वाचले. शहरवासीयांच्या देण्याचे सर्व कागद परत करण्यात आले आणि हाती लागलेली रोकड कारागिरांत वाटली गेली. ज्यूंचा खरा घात त्यांच्या संपत्तीने केला, असे त्या शहराच्याच इतिवृत्तकाराने पुढे लिहून ठेवले.

या शहरात त्या दिवसापर्यंत प्लेगचा एकही रोगी नव्हता. साथ तेथे पोहोचली ती त्या वर्षीच्या उन्हाळ्यात.